दूधबाजारातली परदेशी बाई

जैनबबीनं माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मी नुकतीच लग्न होऊन साताऱ्याकडून नाशकात आले होते. भद्रकालीच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. लग्नातला चुडा प्रवासात निम्मा वाढवला होता, फुटला म्हणू नये, म्हणून घरमालकीणबाईंनी मला न विचारताच मणियारणीला बोलावणं धाडलं. ती आली, ओसरीवर बसली, खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा उतरवल्या आणि माझा पंजा हातात घेऊन दाबून पाहू लागली. दुधी कोवळा आहे की जून, हे बघतात तसा.

"अजून धुणं अंगावर पडलेलं दिसत नाही," ती म्हणाली. "पडेल. मग माप बदलेल."

मी रागानं हात आखडला. तेव्हा कुठं तिनं मान वर केली. तोंडावर देवीचे वण, डोळे मात्र भलतेच तरतरीत. "हात सैल सोड, पोरी. बांगडी भांडून चढत नाही."

हे वाक्य मी पुढं आयुष्यभर वापरलं. लेकीला सांगितलं, सुनेला सांगितलं, आणि आमच्या ह्यांना तर वरचेवर. पण जैनबबीसारखं ते मला कधी जमलं नाही. ती बोलता बोलता अंगठ्याचं हाड असं काही आत वळवायची, की बांगडी मनगटात गेल्यावरच कळायचं. शेवटी सगळ्यांनाच देतात तशी एक जास्तीची बांगडी घालायची आणि म्हणायची, "ही माझी." मग आपण वाकून नमस्कार करायचा. तिला कुणी नमस्कार केला नाही असं मी पाहिलं नाही. सोवळ्यातल्या बायकासुद्धा करीत आणि मग गुपचूप हात धुऊन घेत. जैनबबीला ते ठाऊक होतं. "धुवू दे की," म्हणायची. "बांगड्याच स्वच्छ होतात."

ती दूधबाजारात राहायची. तिथंच जन्मली, बापाचं बांगड्यांचं दुकानही तिथंच होतं. दुकानासमोर हुसेन आगाचं चहाचं हॉटेल. आगा इराणचा. तरुणपणी मुंबईत उतरला, तिथून का कोण जाणे नाशकात आला आणि इथंच रुजला. बापाला त्याचा चहा आवडायचा, आगाला बापाची लेक आवडली. ती सांगायची, "बाप म्हणाला, चहा चांगला करतो, दारू पीत नाही, सासू इथं नाही. अजून काय बघायचं?"

आगाला मराठी कधी आली नाही. गिऱ्हाइकाला 'या', 'बसा' म्हणायचा आणि उठून गेलेल्या गिऱ्हाइकालाही 'बसा'च म्हणायचा. बायकोला तो खानम म्हणे. गल्लीतल्या पोरांनी तिलाही खानम म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तिनं एकेकाचा कान धरला. ते नाव फक्त आगाचं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. इराण तिनं कधी पाहिलं नाही. आगाकडून तिच्याकडे आलेली इराणची गोष्ट एकच, बिनदुधाचा चहा. खडीसाखरेचा खडा गालात धरायची आणि त्यावरून तो काळा चहा प्यायची. आमच्याकडे आली की मी खडीसाखर काढून द्यायची. एकदा मीही तसा पिऊन पाहिला. जीभ पोळली आणि साखर दाताला चिकटली.

आगा वारला ते मी नाशकात यायच्या दोन-तीन वर्षं आधी. त्याच्या माघारी हॉटेल गेलं, आणि जैनबबीच्या धंद्यावरही गदा आली. विधवेच्या हातून चुडा कसा भरून घ्यायचा? ज्या घरांतून तिला माजघरापर्यंत नेत, तिथून "आज नको" असे निरोप येऊ लागले. बाप तोवर गेला होता. नुसत्या मुसलमान घरांवर पोट भरेना. हे मला घरमालकीणबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या जरा खालीच बघत होत्या, कारण निरोप धाडणाऱ्यांत त्याही होत्या.

यातून तिला बाहेर काढलं ते देवळ्याच्या ठकूबाईंनी. देवळ्याकडं त्यांची कांद्याची मोठी शेती, बाई दणकट, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. त्यांचा स्वतःचा चुडा जैनबबीनं भरलेला, बाप हयात असताना त्याच्याबरोबर देवळ्याला जाऊन. पुतणीच्या लग्नाचं सामान घ्यायला त्या नाशकात आल्या, तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की ती मणियारीण आता विधवा झाली, दुसरी बघा. ठकूबाई दूधबाजारात भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मना चुडा हिनाच हातना शे. मना धनी आजून धट्टाकट्टा शे. मंग हिना हातले काय व्हयनं?"

ठकूबाई जैनबबीला सोबत घेऊन गेल्या, पुतणीचा चुडा तिच्याकडून भरून घेतला, आणि ती गोष्ट नाशकापर्यंत पोचली. हळूहळू सगळी दारं उघडली. उघडणाऱ्यांना जैनबबीनं एक शब्द बोलून दाखवला नाही. मी असते तर चांगली यादी म्हणून दाखवली असती. पण ठकूबाईंचं नाव निघालं की ती हातातलं काम थांबवायची. "त्या घरानं मला परत माणसात आणलं," म्हणायची. "त्या घरातली नवरी माझ्या चुड्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही."

लग्नघरात तिचा एक नेम होता. चुडा भरला, शिधा बांधून घेतला, चालली, असं ती कधी करत नसे. नवरी सासरी निघेपर्यंत ती मांडवातच राहायची, जास्तीच्या बांगड्या पदराखाली घेऊन. हळदीत, धक्काबुक्कीत एखादी बांगडी वाढवली, तर लगेच दुसरी. नवरीच्या हातात चुडा अपुरा असा क्षणभरही दिसता कामा नये. मग दोन मुक्काम होवोत की तीन. बापानं शिकवलं होतं तिला तसं. या एका नेमापायी पुढं सगळं झालं.

एकोणचाळीस साली सरकारनं परदेशी माणसांसाठी नवा कायदा आणला. आमचे हे पोलीस कचेरीत कारकून होते. ते काम ह्यांच्याच टेबलावर आलं. परदेशी माणसानं नाव नोंदवायचं, राहता पत्ता द्यायचा, गाव सोडून मुक्कामाला जायचं तर आधी परवानगी घ्यायची, आणि ठराविक मुदतीनं येऊन 'मी अजून तिथंच राहतो' असं सांगून जायचं. हे मला रात्री जेवताना सांगत होते तेव्हा मी विचारलंही, की नाशकात परदेशी आहेत तरी कोण? हे म्हणाले, "एक पाद्री, एक चिनी कापडवाला, आणि तुझी जैनबबी."

मला वाटलं, थट्टा करतायत.

पण कायदा होता तो. बाई ज्याची बायको, त्याच्या देशाची. नवरा मेला तरी बाई त्याच्याच देशाची. गणपत हवालदार दूधबाजारात नोटीस घेऊन गेला, ती हकीकत त्यानंच नंतर आमच्या ओसरीवर बसून सांगितली. तो तिला म्हणाला, "जैनबबी, तुम्ही परदेशी निघालात."

"गणपत, तुझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला बांगड्या कुणी भरल्या?"

"तुम्हीच."

"मग तेव्हा मी कुठली होते?"

गणपतनं डोकं खाजवलं. "तेव्हा कायदा नव्हता ना."

पहिल्यांदा ती कचेरीत गेली तो दिवस आमच्या घरात बरेच दिवस हसण्याचा विषय झाला. ह्यांच्यासमोर छापील कागद, त्यातले प्रश्न विचारणं भाग. हिंदुस्थानात केव्हा प्रवेश केला? ती म्हणाली, "जन्मले तेव्हा." कोणत्या बंदरात उतरलात? ती म्हणाली, "ते दाईला माहीत. पण ती आता नाही." आतल्या खोलीतून साहेबांनी विचारलं, काय चाललंय? हे उठून उभे राहिले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बंदराचं नाव नक्की होत नाहीये, सर."

त्यानंतर मुदत आली की ती धुवट पांढरी ओढणी घेऊन, छत्री काखेत धरून कचेरीत जायची. बाकावर तो चिनी कापडवाला असायचा. तो कुणाशी बोलत नसे. जैनबबीनं त्याच्या गठ्ठ्यातलं रेशीम चिमटीत धरून पाहिलं, मान डोलावली, आणि आपल्या डब्यातली शंकरपाळी त्याच्यापुढं केली. तेव्हापासून दोघं शेजारी बसत. गल्लीत परत आल्यावर बायकांना ऐटीत सांगायची, "आज आम्हा परदेशी लोकांचा वार होता." मला म्हणायची, "तुझं नाव बदललं, गाव बदललं, आडनाव बदललं. तुला कुणी ठाण्यात बोलावलं का गं? नाही ना? मग माझंच लग्न मोठं."

हसत होती, पण नियम पाळत होती. कुठं चूक काढायला जागा ठेवत नव्हती. आणि मग चूक झालीच.

त्याच उन्हाळ्यात ठकूबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. जैनबबी कचेरीत गेली, देवळ्याला जाते म्हणून सांगितलं, एका मुक्कामाची परवानगी घेतली. सगळं रीतसर. पण वरातीच्या गाड्यांचा काहीतरी घोळ झाला आणि नवरी सासरी निघायला दोन दिवस जास्त लागले. तिला वाटलं, परवानगी लग्नाची आहे, लग्न तर अजून संपलं नाही. तिच्या धंद्यात ते खरंच होतं. कायद्यात नव्हतं. मधल्या काळात पोलीस घर बघायला गेले तो कुलूप.

ती परत आली तेव्हा तिला साहेबांपुढं उभं करण्यात आलं. नवे साहेब कडक होते. पुन्हा असं झालं तर खटला भरू आणि तुला तुझ्या मुलखात धाडून देऊ, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनी ते मराठीत करून सांगितलं, आणि सांगताना, हे म्हणाले, मला आयुष्यात पहिल्यांदा मराठी बोलायची लाज वाटली.

त्या दुपारी ती आमच्याकडे आली. मला पाचवा महिना होता. बांगड्या घट्ट होऊ लागल्या होत्या, त्या बदलायला मीच तिला बोलावलं होतं. तिनं माझा हात धरला, अंगठा वळवला, आणि बांगडी वाढवली. तिच्या हातून. काच माझ्या मनगटाला लागून रक्ताचा थेंब आला. आम्ही दोघी त्याकडे बघत राहिलो. तिनं ओढणीच्या टोकानं तो टिपला.

"मला खरंच पाठवतील का गं?" ती म्हणाली. "ना मला तिथली बोली येते, ना तिथं कुणी मला ओळखतं. आगाचं कोण उरलंय तेही ठाऊक नाही. मी उतरायचं कुठं? कुणाच्या दारात उभी राहू?"

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? मला ती फार आवडायची, आणि त्या दिवशी ती किती लहान चणीची आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

ह्यांनी मग वाट शोधून काढली. मुळात इथली असलेली बाई, नवरा मेल्यावर सरकारकडं अर्ज करू शकते, की मला पुन्हा इथली करा. साहेबांची शिफारस मिळाली की काम होतं, मग ना कचेरी, ना परवानगी. साहेबसुद्धा तयार झाले. त्यांनाही या प्रकरणाचा कंटाळा आला होता. ह्यांनी अर्ज तयार केला आणि एका संध्याकाळी तिला घरी बोलावून वाचून दाखवला. तोवर युरोपात लढाई पेटली होती आणि परदेशी लोकांच्या मागची चौकशी वाढली होती, म्हणून घाई होती. मी शाई आणि चिंधी आणून ठेवली. अंगठा तेवढा द्यायचा राहिला होता.

हे वाचत होते, ती मान डोलवत होती. जन्म नाशकाचा, बाप नाशकाचा, धंदा नाशकात. मग ह्यांनी वाचलं, "अर्जदाराचा नवरा मयत असून अर्जदाराचा इराण देशाशी अगर तेथील कोणाशीही आता काहीएक संबंध राहिलेला नाही."

"हे काढा," ती म्हणाली.

"बाई, ते कसं काढणार? त्याच वाक्यावर अर्ज उभा आहे."

"भाऊसाहेब, संबंध राहिला नाही असं कसं लिहायचं?"

"तुम्ही कधी इराण पाहिलं आहे का?"

"नाही."

"कुणाचं पत्र येतं?"

"नाही."

"मग?"

ती माझ्याकडे बघून बोलू लागली, ह्यांच्याकडे नाही. "आगा शेवटी शेवटी तिकडचं पाणी मागायला लागला. त्याच्या गावात डोंगरातून पाणी येतं म्हणे, त्याचं. रात्रंदिवस तेच. मी गोदावरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि म्हटलं, घ्या, तिकडून आणवलंय. तो प्याला. म्हणाला, हां खानम, हेच. मग त्यानं दुसरं काही मागितलं नाही." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "त्याच्या तोंडावर एकदा खोटं बोलले, ते त्याच्यासाठी. आता त्याच्या माघारी माझ्यासाठी बोलू? तो इथं एकटा परदेशी पडलाय कबरस्तानात. निदान मी तरी त्याच्या मुलखाची राहू दे."

हे म्हणाले, "बाई, हा नुसता कागद आहे. मनात काय ठेवायचं ते ठेवा."

"कागदावर माझा अंगठा येणार ना?"

"हो."

"मग नको."

ह्यांनी मला खूण केली, तू समजाव. मी खूप बोलले. रागावलेही. म्हटलं, अहो, पुढच्या वेळी खरंच बाहेर काढतील, मग आगाच्या कबरीवर फूल कोण ठेवील? ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी चूक करणारच नाही मी." शाई वाळून गेली. हे अर्ज हातात धरून बसून राहिले, मग तो घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. त्या रात्री मला झोप लागेपर्यंत मी तिच्यावर चिडले होते. सकाळी उठले तेव्हा चीड गेली होती, ती कायमचीच.

लढाईच्या दिवसांत परवानग्या मिळणं जवळजवळ बंद झालं. जैनबबीनं गावोगावची लग्नं सोडली. सप्तशृंगीच्या जत्रेलाही गेली नाही. शहरातल्या गल्ल्या तेवढ्या फिरायची आणि दिवे लागायच्या आत घरी. बरीचशी मिळकत गेली असणार.

त्याच वर्षी मार्गशीर्षात आमची धुळ्याला बदली झाली. मुलगी महिन्याची होती. निघायच्या आदल्या दिवशी तिला कडेवर घेऊन मी दूधबाजारात जैनबबीचा निरोप घ्यायला गेले. तिच्या दारात एक सर्व्हिस मोटार उभी होती, आणि आतून ठकूबाईंचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता.

त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं. जैनबबीनं परवानगी मागितली होती, उत्तर आलं नव्हतं. म्हणून ठकूबाई नवरीलाच घेऊन नाशकात आल्या होत्या, नवरीची मामी आणि दोन काकवा सोबत. मी गेले तेव्हा चुडा भरून होत आला होता. हिरव्यागार हातांची ती पोर मान खाली घालून बसली होती आणि जैनबबी शेवटची, आपली बांगडी तिच्या हातात चढवत होती.

"आते चाला," ठकूबाई म्हणाल्या. "गाडी दारशी शे. एक रोजनं काम. कोन देखस इतलं?"

जैनबबी उठली. कोनाड्यातून तिनं फडक्यात गुंडाळलेल्या जास्तीच्या बांगड्या काढल्या, आणि मामीचा हात धरून तिला खाली बसवलं. "बघा," म्हणाली, आणि मामीचाच अंगठा आत वळवून दाखवला. "असा. जोर नाही करायचा. पुन्हा करा." मामीनं नवरीच्या दुसऱ्या हातावर करून पाहिलं. "अजून सैल. हां. एखादी वाढवली तर लगेच घालायची. पोर गाडीत बसेपर्यंत तिच्या जवळून हलायचं नाही. जेवायलासुद्धा नाही." मामी हो हो म्हणत होती. जैनबबीनं तिच्याकडून पुन्हा करून घेतलं. तिनं हे काम उभ्या आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं.

ठकूबाईंसारख्या दणकट बाईनं डोळ्याला पदर लावला. सगळ्यांनी एकामागून एक जैनबबीला नमस्कार केला आणि त्या मोटारीत जाऊन बसल्या. जैनबबी उंबऱ्यापर्यंत आली, उंबऱ्याच्या आत थांबली. मोटार सुरू झाली, वळणापर्यंत गेली, तरी तिचे दोन्ही हात जरासे पुढंच होते.

तेवढ्यात गणपत हवालदार आला. पोलिसांची पाहणी होती. पत्त्यावर माणूस आहे की नाही, एवढंच बघून लिहायचं. त्यानं वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली. मला बघून जरा ओशाळला.

"जैनबबी, जाग्यावर आहात ना?"

"लिही," ती म्हणाली. "आहे. आगाची बायको आहे, आणि इथंच आहे."

गणपतनं लिहिलं. मग तिनं माझ्याकडून मुलीला घेतलं, तिची मूठ उघडून बघितली, आणि माळेतली सगळ्यात लहान बांगडी शोधायला बसली.